आधी साठवण, मग वाढ

मांडूच्या पठारावर बारमाही नदी नाही. रूपमती मंडपातून दक्षिणेला पाहिले की निमाडच्या सपाटीत नर्मदेची रेघ दिसते, पण ती कड्याच्या खाली आणि फार दूर. होशंगशहाने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याची राजधानी धारहून या पठारावर आणली, तेव्हा नर्मदेचे पाणी वर चढवण्याचा उपाय कुणाजवळ नव्हता. जे काही मिळायचे ते पावसाळ्याच्या चार महिन्यांत, आणि त्यावर शहराला बारा महिने काढायचे.

मांडूत त्यावर काय केले ते आजही पाहता येते. मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्या मधल्या पट्ट्यावर जहाज महाल बांधला आहे. गच्चीवरचे पाणी वाया जाऊ नये म्हणून दगडी पन्हाळी केल्या, गाळ मागे राहावा म्हणून त्यांना नागमोडी वळणे दिली, आणि मग ते पाणी हौदात सोडले. चंपा बावडी, उजाली बावडी, अंधेरी बावडी, सागर तलाव, रेवा कुंड अशा जागोजागी साठ्याच्या जागा केल्या. काही उघड्या, काही छताखाली झाकलेल्या. कारंजी आणि जलमहाल दिसतात ते या सगळ्यानंतर. आधी पाणी अडवले, मग स्वच्छ केले, मग राखून ठेवले आणि उरले त्यातून वैभव उभे केले.

घरातल्या पैशाबद्दल मला जे सांगायचे आहे ते या क्रमात सगळे आले. धार आणि देवास जिल्ह्यांतल्या बहुतेक घरांचे उत्पन्न पावसासारखे येते. सोयाबीन मंडीत गेले की दसरा-दिवाळीला हातात रक्कम येते, गहू-हरभऱ्याची रक्कम उन्हाळ्याच्या तोंडाशी. मांडूतल्या दुकानदाराची, वाटाड्याची, लहान हॉटेलवाल्याची खरी कमाई पर्यटक येतात त्या हिरव्या दिवसांत. पिथमपूरच्या किंवा देवासच्या कारखान्यात काम करणाऱ्याला पगार दर महिन्याला मिळतो, पण तिथेही ओव्हरटाइम आणि बोनस यांचे हंगाम असतात. खर्चाला मात्र हंगाम नाही. शाळेची फी, दवाखाना, लग्नाचा आहेर, गळके छप्पर यांतले काहीच आपल्या सोयीने येत नाही. म्हणून पैशाचा पहिला प्रश्न ‘परतावा किती मिळेल’ हा नसून ‘आलेले कुठे थांबवायचे’ हा आहे.

हे पुस्तक नवख्यांसाठी आहे. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे, नोकरीला लागून पहिला पगार हातात घेणारी मुले-मुली, नवऱ्याच्या पश्चात बँकेची पासबुके पहिल्यांदा उघडून पाहणारी बाई, निवृत्तीची रक्कम एकदम मिळालेला शिक्षक, अशांसाठी. शेअर बाजाराच्या बातम्या त्यांच्यापर्यंत रोज पोचतात. काय आधी करावे आणि काय नंतर, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी सांगते. उत्साहाने उचललेले चौथे पाऊल पहिल्या तीन पावलांशिवाय घर पाडू शकते. म्हणून या प्रस्तावनेत मी त्या क्रमाबद्दलच बोलणार आहे, आणि शक्यतो याच भूमीतल्या उदाहरणांनी.

पहिले पाऊल वेगळे करण्याचे. मांडूच्या कड्यावरून ज्या निमाडाकडे आपण पाहतो, तिथेच नर्मदेच्या काठी महेश्वर आहे, अहिल्याबाई होळकरांची राजधानी. होळकरांच्या कारभारात दौलतीचा पैसा आणि खासगीचा पैसा यांचे हिशेब निरनिराळे असत. खासगीची जहागीर १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे झाली आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जे घाट, मंदिरे आणि धर्मशाळा उभ्या केल्या, त्या दानधर्माचा आधार ही खासगी होती. सैन्याचा, महसुलाचा, राज्याचा पैसा त्या कामी वळवला नाही. दानशूर म्हणून त्यांचे नाव घराघरांत घेतले जाते. हिशेबाची ही शिस्तही तितक्याच आदराने सांगितली पाहिजे, कारण एवढे दान त्या शिस्तीमुळेच निभावले.

याच्या उलट उदाहरण देवासचे आहे आणि ते सांगताना मन जड होते. देवासला पवारांच्या दोन पाती होत्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राज्ये, अर्थात दोन दरबार आणि दोन्हींचे उत्पन्न बेताचे. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे हे सुसंस्कृत, प्रेमळ आणि धर्मशील राजे होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये त्यांचे खासगी सचिव म्हणून देवासला राहिले आणि पुढे १९५३ मध्ये त्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यात महाराजांवरची माया पानोपानी आहे, आणि राजवाड्याचे न संपणारे बांधकाम, उत्सव, मानपान यांत वाहून जाणारा पैसाही आहे. घरचा खर्च, राज्याचा खर्च आणि प्रतिष्ठेचा खर्च एकमेकांत मिसळले. अखेर तिजोरी कोलमडली. १९२७ च्या अखेरीस महाराज राज्य सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. माणूस चांगला असणे आणि त्याचा हिशेब चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या राजाच्या शोकांतिकेतून शिकावे.

आपल्या घरात याचा अर्थ सोपा आहे. दुकानाचा गल्ला आणि घराचा डबा एक नसावा. पीक विकून आलेल्या रकमेतून पुढच्या हंगामाचे बियाणे-खत आधी बाजूला निघावे. दर महिन्याचा खर्च, वर्षातून एकदा येणारा खर्च आणि दहा-पंधरा वर्षांनी लागणारा पैसा यांची खाती निराळी असावीत. बँकेत दुसरे बचत खाते उघडायला फारसा खर्च येत नाही, आणि त्या एका कृतीने हिशेब निम्मा सुटतो.

दुसरे पाऊल साठ्याचे. घराचा महिन्याचा आवश्यक खर्च २५,००० रुपये असेल, तर सहा महिन्यांचे दीड लाख रुपये असे ठेवावेत की रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर सकाळपर्यंत हाती यावेत. बचत खाते, मोडता येणारी मुदत ठेव, एवढेच त्यासाठी योग्य. यावर व्याज कमी मिळते अशी तक्रार अनेक जण करतात. पण या पैशाचे काम व्याज मिळवणे नसून, अडचणीत महागडे कर्ज काढावे लागू नये हे आहे. गावात शेकडा तीन रुपये महिना या दराने मिळणारे कर्ज ऐकायला किरकोळ वाटते. ५०,००० रुपये घेतले तर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये व्याजाचे गेले, म्हणजे ३६ टक्के. तीन वर्षे नुसते व्याज भरत राहिले तर ५४,००० रुपये देऊनही मुद्दल जसेच्या तसे उभे. इतका परतावा दरवर्षी खात्रीने देणारी गुंतवणूक जगात नाही. म्हणून ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे, त्याने आधी ते फेडावे. ते फेडणे हीच त्याची सर्वांत चांगली गुंतवणूक.

कर्जाचा हा काच मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. नोव्हेंबर १७२८ मध्ये थोरल्या बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा यांचे सैन्य मांडूजवळच्या घाटाने वर चढले आणि आमझेऱ्याला त्यांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. धार जिल्ह्यातल्या या लढाईने मराठ्यांना माळव्याचे दार उघडून दिले. तरीही थोरल्या बाजीरावांच्या पत्रव्यवहारात सावकारांचा तगादा शेवटपर्यंत दिसतो. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी त्यांचे गुरू होते, तसे त्यांना व्याजाने पैसे देणारेही होते. मोहिमेचा खर्च आज, चौथाईची वसुली उद्या, आणि मधल्या काळाचे व्याज रोज. विजयानेही हे अंतर भरून निघाले नाही.

तिसरे पाऊल संरक्षणाचे. कमावता माणूस अचानक गेला तर घर कशावर चालेल, या प्रश्नाचे उत्तर गुंतवणुकीच्या आधी हवे. त्यासाठी मुदतीचा साधा जीवनविमा पुरतो, ज्यात मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही, पण कमी हप्त्यात मोठे संरक्षण मिळते. ज्यांना तेवढाही हप्ता जड आहे त्यांच्यासाठी बँक खात्यातून मिळणाऱ्या सरकारी योजना आहेत: प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यात वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण, सुरक्षा विम्यात वर्षाला २० रुपयांत अपघातासाठी २ लाखांचे. विमा आणि बचत एकत्र बांधून देणाऱ्या पॉलिसींत दोन्ही कामे अर्धवट होतात. हे मत मी पुस्तकात आकड्यांसह मांडले आहे, आणि वाचकाने ते आकडे स्वतः करून पाहावेत अशी विनंती आहे.

एवढे झाले की चौथे पाऊल, वाढीचे. इथे दोन गोष्टी समजल्या पाहिजेत, काळ आणि महागाई. काळाचे उदाहरण इंदूरचे घेऊ. १८७० मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. त्या दशकात खांडव्याहून घाट चढत रेल्वे इंदूरला आली आणि माळव्याचा व्यापार बदलून गेला. दूरदृष्टीचे ते एक मोठे काम होते. आता त्या आकड्यांवर नुसते गणित करून पाहू. एक कोटीवर साडेचार टक्के म्हणजे वर्षाला साडेचार लाख. हे व्याज दरवर्षी घेऊन खर्च केले, तर १०१ वर्षांत ते सुमारे साडेचार कोटी होते आणि मुद्दल एक कोटीच राहते. तेच व्याज खर्च न करता त्याच दराने पुन्हा मुद्दलात मिळवत गेले, तर त्याच १०१ वर्षांत एक कोटीचे सुमारे ८५ कोटी होतात. रक्कम तीच आणि दर तोच. फरक फक्त व्याजाला हात लावला की नाही, एवढाच.

१०१ वर्षे कुणालाच मिळत नाहीत, पण वीस-तीस वर्षे बहुतेकांना मिळतात. महिन्याला २,००० रुपये बाजूला टाकले आणि सरासरी दहा टक्के वाढ झाली असे धरले, तर दहा वर्षांत भरलेल्या २ लाख ४० हजारांचे सुमारे ४ लाख १० हजार होतात. वीस वर्षांत भरलेल्या ४ लाख ८० हजारांचे सुमारे १५ लाख. तीस वर्षांत भरलेल्या ७ लाख २० हजारांचे सुमारे ४५ लाख. दहा टक्के हा दर केवळ हिशेबासाठी धरला आहे, त्याची हमी कुणीही देऊ शकत नाही. पण शेवटच्या दहा वर्षांनी काय केले ते पाहा. पंचविशीत सुरू केलेले दोन हजार पंचेचाळिशीत सुरू केलेल्या दहा हजारांना भारी पडतात. तरुण वाचकांना या पुस्तकातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्यावी.

महागाई समजायला देवासला यावे. तिथे १९७० च्या दशकापासून केंद्र सरकारचा नोटांचा छापखाना आहे आणि देशभर फिरणाऱ्या नोटा तिथून निघतात. नोटेवर छापलेला आकडा कधी बदलत नाही. तिच्यात येणारे गहू, तेल, औषध मात्र दरवर्षी कमी होत जाते. ढोबळ हिशेबासाठी ७२ ला दराने भागावे. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत भाव दुप्पट होतात, म्हणजे कपाटात ठेवलेल्या लाखाची ताकद निम्मी उरते. रिझर्व्ह बँकेला महागाईचे ४ टक्क्यांचे उद्दिष्ट दिलेले आहे. ते नेमके पाळले गेले तरी १८ वर्षांत हेच घडते. म्हणून दूरच्या काळासाठीचा सगळा पैसा बचत खात्यात ठेवणे सुरक्षित नाही. तिथे तो हळूहळू झिजतो, आणि झीज दिसत नसल्यामुळे आपण निर्धास्त राहतो.

यावर मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे. भविष्य निर्वाह निधी, १५ वर्षांचा सार्वजनिक भविष्य निधी, मुलीच्या नावाची सुकन्या समृद्धी, डाकघराच्या योजना या स्थिर बाजूला बसतात. कंपन्यांच्या वाढीत वाटा हवा असेल तर शेअर बाजार, आणि नवख्याने त्यात शिरण्याचा सर्वांत साधा रस्ता म्हणजे कमी खर्चाचा निर्देशांक फंड, महिन्याच्या ठरावीक हप्त्याने. १९७८-७९ या पायाभूत वर्षी १०० धरलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स जुलै २०२४ मध्ये ८०,००० च्या पुढे गेला. हे वाक्य वाचून ज्याचे डोळे चमकतील त्याने पुढचेही वाचावे: जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या घरात असलेला हाच निर्देशांक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ९,००० च्या खाली आला होता. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये तो काही आठवड्यांत ४१,००० वरून २६,००० च्या खाली घसरला. ज्यांना त्या दिवसांत पैशाची गरज होती त्यांना तोट्यात विकावे लागले. ज्यांचा साठा वेगळा होता ते थांबू शकले. पहिली तीन पावले चौथ्याच्या आधी का, याचे उत्तर त्या दिवसांनी दिले.

आता धोक्याबद्दल, आणि इथे मला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आपल्या भागाचे यात मोठे नुकसान झाले आहे. इंदूरमधून फोनवर शेअरचे ‘टिप्स’ विकणाऱ्या, खात्रीचा नफा सांगणाऱ्या अनेक सल्लागार संस्थांवर गेल्या काही वर्षांत सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई केली. देशभरातल्या निवृत्तांनी आणि नोकरदारांनी त्यांना फी भरली आणि भांडवलही घालवले. जमिनीच्या नावाखाली गावोगावी पैसा गोळा करणाऱ्या पीएसीएल या कंपनीला ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. ते पैसे सुमारे ५ कोटी ८० लाख लोकांचे होते. त्यांच्यापर्यंत योजना पोचवणारे एजंट बहुतेक वेळा शेजारी, भाचा, शाळेतले गुरुजी असे ओळखीचेच होते. ओळख ही तपासणीची जागा घेऊ शकत नाही. नोंदणी क्रमांक मागणे, तो सेबीच्या यादीत पाहणे, पैसे कुणाच्या व्यक्तिगत खात्यावर कधीही न पाठवणे यात कुणाचा अपमान नाही.

मोबाइलवरून चालणाऱ्या वायदे व्यवहारांचेही तसेच. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. याला गुंतवणूक म्हणू नये, आणि मुलांनाही म्हणू देऊ नये.

जुन्या, आपुलकीच्या पद्धतींकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. आपल्याकडे ज्याला बीसी म्हणतात आणि पुण्या-कोल्हापुराकडे भिशी, तिने असंख्य बायकांना बचतीची सवय लावली आणि अडीअडचणीला हात दिला. दहा-बारा मैत्रिणींत, लहान रकमेची असेल तोवर ती चांगली. रक्कम लाखांत गेली आणि माणसे अनोळखी झाली की तिच्यामागे कायद्याचा आधार उरत नाही. बँकेतल्या ठेवीवर, मग ती सहकारी बँक का असेना, दर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा असतो; ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. दोन्हींच्या पाट्या शेजारी-शेजारी असतात, म्हणून हा फरक सांगणे गरजेचे वाटते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे: वेगळे करणे, साठवणे, सांभाळणे, वाढवणे आणि शेवटी सोपवणे. शेवटच्या भागात वारस, मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांची माहिती आहे. नामनिर्देशित व्यक्तीला पैसे मिळतात, पण ते पैसे कुणाचे हे सामान्यतः मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते, हे माहीत नसल्याने भावंडांत कायमचे वितुष्ट येते. कोणता शेअर घ्यावा, कोणता फंड घ्यावा हे या पुस्तकात शोधू नये. योजनांचे दर आणि कराचे नियम बदलत राहतात, त्यामुळे व्यवहाराच्या दिवशी ते पुन्हा पाहून घ्यावेत. क्रम मात्र बदलत नाही.

एक अपेक्षा मात्र आहे. आपल्या मराठी घरांत पैशाबद्दल बोलणे अजूनही अवघड जाते. वडिलांचे कर्ज मुलांना त्यांच्या पश्चात कळते, आणि बायकोला नवऱ्याच्या पॉलिसींची नावे माहीत नसतात. म्हणून पहिले प्रकरण वाचण्याआधी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकत्र बसून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: कुठे कुठे खाती आहेत, कुणाचे किती देणे आहे, विमा कोणता आहे, आणि प्रत्येक ठिकाणी नाव कुणाचे लावले आहे. आईच्या आणि बायकोच्या नावाने एकही खाते नसेल तर तेही लिहावे, आणि ते उघडण्यापासून सुरुवात करावी. गुंतवणुकीचे शिक्षण त्या कागदापासून सुरू होते, आणि तो लिहायला एक रुपयाही लागत नाही.